चौथं नाव

आइसलंडहून आलेल्या एका पत्राला मी कित्येक वर्षं उत्तर दिलं नाही. पत्र छोटं होतं, निळ्या शाईचं, अक्षर मोठं आणि गोल. शेवटी एक प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं. तो शब्द माझ्याकडे नव्हता. आभाराची आणि हवापाण्याची चार वाक्यं लिहून प्रश्न टाळता आला असता. तसे खर्डे मी केलेही, पण माझं इंग्रजी मला कधीच पुरेसं वाटलं नाही आणि टाळलेला प्रश्न त्या वाक्यांतून डोकावत राहायचा. शेवटी पत्र शब्दकोशात ठेवून दिलं. शब्दकोश मी रोज उघडतो, त्यामुळे पत्रही रोज भेटत राहिलं.

पत्र आलं त्याला कारण झाली तेजश्री विटकर. तिच्याबद्दल मला पहिल्यांदा सांगितलं ते तौफिक मुजावरने, जूनमधल्या एका मंगळवारी, माझ्या टेबलावर चहाचा कप आपटून.

"उपळेकर सर, आइसलंडवाल्यांनी एक पदवी परत पाठवलीय. म्हणतात, माणूसच जुळत नाही."

तौफिक आमच्या कृष्णा-वारणा विद्यापीठातला संगणक अभियंता. वय माझ्या निम्म्याहून कमी. मी परीक्षा विभागातला निवृत्त माणूस, पडताळणीच्या कामासाठी पुन्हा बोलावलेला. नोकरीभर मी एकच काम केलं. परदेशातल्या विद्यापीठांकडून विचारणा यायची की अमुक मुलगा खरंच तुमच्याकडून पास झाला आहे का. मी जुन्या नोंदी काढायचो, गुण ताडून बघायचो, गुणांचा उतारा पाकिटात घालून पाकीट चिकटवायचो आणि ते जिथे उघडतं तिथे आडवी सही करून वर गोल शिक्का मारायचो. अर्धी सही झाकणावर, अर्धी पाकिटावर. वाटेत कुणी उघडलं तर सही तुटायची. तेवढीच आमची सुरक्षा. मला ते काम आवडायचं, कारण माणसांशी फारसं बोलावं लागत नसे.

मग पाच-सहा देशांतल्या विद्यापीठांनी मिळून एक प्रयोग सुरू केला. पदवी कागदावर न पाठवता डिजिटल पाठवायची. समोरच्या विद्यापीठाने ती उघडली की खरी असल्याची हिरवी खूण दिसायची. पाकीट नाही, टपाल नाही, महिनाभर वाट पाहणं नाही. मुलांना एका देशातून दुसऱ्या देशात शिकायला जाणं सोपं व्हावं, हा हेतू. त्यात आमचं लहानसं विद्यापीठ कसं घेतलं गेलं ते मला आजही कळलेलं नाही. मला मात्र काळजी वाटली होती, की आता आपल्या आडव्या सहीचं काय. तेव्हा तौफिकनेच समजावलं होतं.

"तीच सही समजा, सर. पेनाऐवजी गणितानं केलेली. आतलं एक अक्षर कुणी हलवलं की सही तुटली."

"म्हणजे माझीच पद्धत."

"तुमचीच. मी नुसता पगार घेतो."

तर त्या मंगळवारी त्याने मला पडदा दाखवला. तेजश्रीच्या पासपोर्टवर आडनाव विटकर. आमच्या पदवीवर, घराण्याच्या नावाच्या चौकटीत, लिहिलं होतं 'मालन'.

"ही मालन कोण?" तौफिक म्हणाला.

मला बघताक्षणी कळलं. आमच्या गुणपत्रिकेवर नाव चार तुकड्यांत छापतात. आधी आडनाव, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आईचं. विटकर तेजश्री मारुती मालन. पूर्वी आईचं नाव नसायचं. सरकारने पुढे नियम केला आणि आमच्या विद्यापीठाने ते सरळ विद्यार्थ्याच्या नावालाच जोडून टाकलं. आपल्याकडे कुणाला त्यात काही वाटत नाही. पण सहा देशांनी मिळून बनवलेल्या नमुन्यात चौकटी दोनच होत्या, व्यक्तीचं नाव आणि घराण्याचं नाव. यंत्राने शेवटचा शब्द उचलला आणि घराण्याच्या जागी ठेवला, कारण बहुतेक देशांत शेवटी घराणंच असतं. एक मुलगी आपल्या आईच्या नावाच्या घराण्यात जाऊन बसली होती.

"सगळ्याच मुलांचं असं झालंय?"

"सगळ्यांचं. पण बाकीच्यांना अजून वेळ आहे. हिला शुक्रवारपर्यंत नाव जुळवून द्यायचंय. नाही तर जागा पुढच्याला आणि शिष्यवृत्तीसुद्धा." तो खुर्ची ओढून बसला. "सोपं आहे, सर. चौथं नाव काढून टाकायचं. सगळ्या मुलांचं. मग विटकर तेजश्री मारुती उरतं, ते उलटसुलट करून चौकटीत बसवता येतं. गुरुवारी सगळ्या देशांची बैठक आहे, तिथे मंजुरी. पडताळणी अधिकारी म्हणून तुमची एक सही."

"काढून टाकायचं?"

"मग काय करायचं? कागद पाठवावा तर पंधरा दिवस जाणार, आणि या प्रयोगातल्या मुलांचे कागद ते घेतच नाहीत."

मी सही करायला पेनसुद्धा काढलं होतं, हे लिहायला हवं. पण सवयीने मी विचारलं, "मुलीला विचारलं का?"

मुलगी दुसऱ्या दिवशी दुपारी आली, जतकडच्या एस.टी.ने, आणि बरोबर तिची आई. तेजश्री उंच, शांत, भूगर्भशास्त्रात पहिली आलेली. आई बारीक, काळीसावळी. हातातली प्लास्टिकची पिशवी तिने मांडीवर घट्ट धरली होती. वडील लहानपणीच गेले होते. विहिरी खणणारी माणसं ही. नवरा गेल्यावर मालनबाई खडीच्या मशीनवर कामाला लागल्या होत्या.

"मी दगड फोडून जल्म घालवला," त्या बसता बसताच म्हणाल्या, "तर ही शिकली बी दगडाचंच. म्या म्हणलं, दगुड काय आपल्याला सुटत न्हाई."

"आई, सरांना बोलू दे."

मी बोललो. मला समजावून सांगणं नीट जमत नाही. मी मध्येच थांबतो आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. तौफिकने दोनदा माझं वाक्य पुरं केलं. पण मालनबाईंना लगेच समजलं.

"मग काढा की माझं नाव. त्येच्यावाचून काय अडलंय? पोरगी जाऊ द्या."

"नाही काढायचं," तेजश्री म्हणाली.

"तू गप बस."

"तू गप बस. सर, पिशवीत काय आहे विचारा तिला."

मालनबाई लाजल्या. पिशवीतून त्यांनी तेजश्रीची बी.एस्सी.ची गुणपत्रिका काढली. दोन्ही बाजूंनी प्लास्टिक चढवलेली, वरच्या बाजूला दोन भोकं आणि त्यांत सुतळी.

"हे दारात टांगलंय हिनं," तेजश्री म्हणाली. "येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. काय म्हणते माहितीय? ह्यात मी पण पास झालीय."

"झालीयच की," मालनबाई म्हणाल्या. "नाव हाय माझं. आदी मला कोण मालन म्हणत हुतं? मारुतीची बायकू, न्हाईतर तेजीची आई. ह्या कागदावर सरकारनं मालन म्हणलं." मग त्यांना आपण आत्ताच काय बोललो होतो ते आठवलं. "पर ते घरातल्या कागदाचं. फॉरेनच्या कागदावर नसलं तर नसू द्या."

तौफिक तेजश्रीकडे वळला.

"हे बघ, तेजश्री. सरांनी बैठकीत प्रश्न काढला, की मुलीचं चौथं नाव राहू द्या, तर ती माणसं काय करतील? समिती नेमतील. समिती बसेल सप्टेंबरात. समिती म्हणजे तू घरी. आणि नाव काढलं तर शुक्रवारी तुझं काम झालं. निर्णय तुझा."

तेजश्रीने गुणपत्रिकेची सुतळी सारखी केली. मग तिने माझ्याकडे बघितलं. "सर, तुम्हाला काय वाटतं?"

आयुष्यात मला हा प्रश्न फार कमी लोकांनी विचारलाय. माझ्या मनात लगेच दहा उत्तरं उभी राहिली आणि दहाही चुकीची वाटली. मी म्हणालो, "मला नक्की सांगता येत नाही."

"पण तुम्ही विचारून बघाल का?"

"मी बैठकीत कधी बोललेलो नाही."

"मी पण कधी विमानात बसलेली नाही," ती म्हणाली. तौफिक हसला, मग मीही.

मालनबाई मात्र माझ्याकडेच बघत होत्या. "साहेब, तुमच्या मार्कलिस्टावर हाय का आईचं नाव?"

"आमच्या वेळी तसा नियम नव्हता."

"मग तुमच्या आईनं काय बघायचं?"

माझी आई मी अकरावीत असताना गेली. तिने माझी कुठलीच मार्कलिस्ट टांगली नव्हती. मी पेन खिशात परत ठेवलं आणि म्हणालो, "उद्या दुपारी या. बैठकीला तुम्हीही असलेल्या बऱ्या."

गुरुवारी सकाळपासून मी बोलायचं ते कागदावर लिहीत होतो. चार ओळी लिहिल्या, चारही खोडल्या. बैठक चार वाजता होती. तौफिकने मोठा पडदा लावला, त्यावर चौकटी उमटल्या आणि प्रत्येक चौकटीत एकेक देश. अध्यक्ष एक उंच डच गृहस्थ होते. बोलताना ते सतत घड्याळ बघायचे, पण माणूस वाईट नव्हता. खालच्या कोपऱ्यात आइसलंडच्या विद्यापीठाच्या प्रवेश विभागाच्या बाई होत्या. पांढरे आखूड केस, जाड लोकरीचा स्वेटर, हातात कप. त्यांच्या नावाची पट्टी मला धड वाचता येत नव्हती. तेजश्री आणि मालनबाई कॅमेऱ्याच्या बाजूला भिंतीशी बसल्या होत्या.

सगळं इंग्रजीत झालं, पण मला ते मराठीतच आठवतं.

अध्यक्ष म्हणाले, "भारताकडून एका दुरुस्तीचा खर्डा आला आहे. अतिरिक्त शब्द काढून टाकायचा आहे. हरकत नसेल तर मंजूर करू."

तौफिकने मला कोपराने ढोसलं. मी बोलायला लागलो, पण आवाज इतका बारीक निघाला की अध्यक्षांना वाटलं लाइन तुटली. "भारत, तुमचा आवाज येत नाहीये," ते म्हणाले. मी पुन्हा सुरुवात केली. खोडलेल्या ओळींचा कागद खाली ठेवला आणि न बघता बोललो.

"सर, तो शब्द अतिरिक्त नाही. मालन ही तिची आई आहे. नियमाप्रमाणे आईचं नाव लिहिलेलं आहे. ते घराणं नाही, पण ते चुकीचंही नाही. ते काढलं तर आमची कागदी पदवी आणि डिजिटल पदवी वेगळ्या होतील. आणि मुलीला ते काढायचं नाही."

"मग ते मधल्या नावात घाला."

"मधल्या नावाची चौकट नमुन्यात नाही, सर," तौफिक म्हणाला.

"अच्छा." अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. "प्रश्न रास्त आहे. म्हणजे नमुनाच बदलावा लागेल. हा विषय नावांच्या उपसमितीकडे पाठवू. पुढची बैठक कधी? सप्टेंबर."

तौफिकने डोळे मिटून घेतले. भिंतीशी बसलेल्या मालनबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण सप्टेंबर हा शब्द त्यांना कळला. त्या अर्धवट उठल्या आणि कुजबुजल्या, "काढा म्हणा की माझं नाव. आत्ताच्या आत्ता काढा म्हणा." आणि मीही तोंड उघडलं होतं, नाव काढायला संमती आहे असं सांगायला.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या चौकटीतून आवाज आला. "अध्यक्ष महाशय, माझ्या नावाची पट्टी जरा वाचाल का?"

आइसलंडच्या बाई. अध्यक्ष गोंधळले. "सोल्वेग हेल्गुदोत्तिर. का?"

"माझं घराणं कोणतं?"

"हेल्गुदोत्तिर."

"नाही. माझ्या देशात बहुतेकांना घराण्याचं नाव नसतंच. हेल्गुदोत्तिर म्हणजे हेल्गाची मुलगी. हेल्गा माझी आई. बंदरावर मासे साफ करायची. बाकीच्या मुली वडिलांचं नाव लावायच्या, मी आईचं लावलं." त्यांनी कप खाली ठेवला. "हा प्रयोग सुरू झाल्यापासून तुमच्या घराण्याच्या चौकटीत माझी आई बसली आहे आणि तुम्ही सगळे तिला माझं कूळ समजून पत्रं पाठवता. मी कधी तक्रार केली नाही, कारण मला वाटलं की अडचण फक्त आम्हा मूठभर लोकांची आहे. आता कळलं, भारतातही एक बाई त्याच चौकटीत येऊन बसली."

दोन-तीन चौकटींतून हसू ऐकू आलं. अध्यक्षसुद्धा हसले, आणि बराच वेळ त्यांनी घड्याळ बघितलं नाही.

"नमुना सप्टेंबरात बदला," सोल्वेगबाई पुढे म्हणाल्या. "पण मुलीला प्रवेश द्यायचा की नाही, ते माझं विद्यापीठ ठरवतं. जन्मतारीख जुळते. फोटो जुळतो. पदवीची सही अखंड आहे, म्हणजे आत कुणी काही हलवलेलं नाही. राहिलं फक्त नाव. श्री. उपळेकर, ही पदवीवरची मुलगी आणि पासपोर्टवरची मुलगी एकच आहे, असं तुमचं विद्यापीठ सांगतं का?"

"होय," मी म्हणालो. हा शब्द मात्र मोठ्याने आला. इतका की मीच दचकलो.

"मुलगी तिथे आहे का?"

तेजश्री कॅमेऱ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्यामागून, कुणी न बोलावता, मालनबाई आल्या आणि त्यांनी सुतळी लावलेली गुणपत्रिका दोन्ही हातांनी पडद्यासमोर धरली, दारात येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत असतील तशी.

"या कोण?"

"आई, नाव विचारतायत तुझं," तेजश्री म्हणाली.

"मालन," बाई म्हणाल्या. एवढंच.

पडद्यावरच्या बाईंनी छातीवर हात ठेवला. "सोल्वेग. हेल्गाची."

तेजश्रीने आईला ते समजावून सांगितलं. मालनबाईंनी मान डोलावली. "तिलाबी आई हाय म्हणायची," त्या म्हणाल्या आणि तौफिक इतक्या जोरात हसला की अध्यक्षांनी अनुवाद मागितला. तो अनुवाद मला करावा लागला. बैठकीत मी केलेला तो पहिला विनोद, तोही दुसऱ्याचा.

शुक्रवारी दुपारी हिरवी खूण आली. विटकर तेजश्री मारुती मालन, चारही नावं जागच्या जागी. सोल्वेगबाईंनी खाली एक शेरा जोडला होता, की व्यक्ती एकच आहे, प्रवेश देणाऱ्या विद्यापीठाची खात्री झाली आहे. तौफिकने पेढे आणले. मालनबाईंनी दोन खाल्ले आणि दोन पदराला बांधले. जाताना म्हणाल्या, "तिकडं म्हणं जमिनीतनंच गरम पाणी येतंय. म्हंजी आंघुळीला जळाण नको."

"मी तेच शिकायला चाललेय, आई. त्याच्यावर वीज करतात."

"वीज कर, न्हाईतर काय बी कर. आदी आंघुळ कर."

पुढे नमुना बदलला. आता त्यात 'इतर नावे आणि त्यांचं नातं' अशी तिसरी चौकट आहे. ती माझ्यामुळे आली असं तौफिक सगळ्यांना सांगतो. मी तसं समजत नाही. सोल्वेगबाई बोलल्या नसत्या, तर मी नाव काढायला हो म्हणालोच असतो.

ऑगस्टमध्ये तेजश्री गेली. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते पत्र आलं. ईमेल नाही, कागदी पत्र. बैठक संपताना मी सोल्वेगबाईंना पाकिटावरच्या आडव्या सहीबद्दल काहीतरी अडखळत सांगितलं होतं. त्यांनी ते लक्षात ठेवलं असावं. पाकीट जिथे उघडतं तिथे निळ्या शाईत आडवी सही होती आणि ती अखंड होती. ती मोडवत नसल्यामुळे मी पाकीट कडेने कापलं.

त्यांनी लिहिलं होतं, की मुलगी पोहोचली, तिला थंडी वाजते, पण तक्रार करत नाही. मग शेवटी:

'आमच्याकडे माणसाला पत्र लिहिताना तो कुणाचा आहे हे माहीत असतं. तुमच्या सहीत मी एन. जी. उपळेकर वाचते. जी म्हणजे वडील, हे आता मला कळतं. तुमचं चौथं नाव कोणतं?'

वरवर बघता सोपा प्रश्न. सरकारी कागदांवर माझ्या आईचं नाव इंदिरा गोविंद उपळेकर असं आहे. इंदिरा लिहून पाठवलं असतं तर कुणी खोटं म्हटलं नसतं. पण इंदिरा हे नाव माझ्या आजोबांनी ठरवलेलं. लग्नात ताटात तांदूळ पसरून वडिलांनी अंगठीने त्यात लिहिलं आणि त्या दिवसापासून ती इंदिरा झाली. तिच्या आईने तिला काय म्हणून पाळण्यात घातलं होतं, ते मला माहीत नव्हतं. लहानपणी मी तिच्याबरोबर तिच्या माहेरी, चिकोडीला, गेलो होतो. ती भावंडांत थोरली, त्यामुळे तिथे सगळे तिला अक्काच म्हणायचे. पुढे मामा गेले, घर विकलं गेलं. विचारायला कुणी उरलं नाही आणि विचारण्यात मी तसाही पटाईत नाही. मालनबाईंनी पडद्यासमोर आपलं नाव ज्या तऱ्हेने सांगितलं ते मी ऐकलं होतं. त्यानंतर ताटातलं नाव लिहून पाठवायला हात होईना.

असं ते पत्र शब्दकोशात राहिलं.

गेल्या हिवाळ्यात मिरजेला लांबच्या नात्यातलं एक लग्न होतं. अशा ठिकाणी मी कोपऱ्यातली खुर्ची धरतो आणि वर्तमानपत्र वाचतो. जेवणं चालली असताना एक फार म्हाताऱ्या बाई चाकाच्या खुर्चीतून माझ्यासमोरून जात होत्या. त्यांची नात खुर्ची ढकलत होती. खुर्ची थांबली.

"हा कोण गं?"

"उपळेकर काका, आजी. सांगलीचे."

बाईंनी हात लांब करून माझी हनुवटी धरली आणि चेहरा उजेडाकडे वळवला. सत्तरीच्या माणसाची हनुवटी अशी कुणी धरत नाही.

"अगं, हा वेणूचा! नाक बघ. वेणूचंच नाक."

मी विचारलं, "वेणू कोण?"

"आता गं बाई! स्वतःच्या आईला ओळखत नाही हा!"

नात ओशाळली. "आजीचं जरा असंच असतं हं काका."

"असंच काय? चिकोडीत शेजारी शेजारी घरं आमची. माझ्याहून मोठी ती, पण मला सोडून कुठे जायची नाही. विहिरीत पहिली उडी वेणूची, मग पोरं उतरायची. एवढी हूड मुलगी गावात नव्हती."

मी ओळखत होतो ती आई डोक्यावरून पदर घेऊन, आवाज न करता भांडी घासायची. मी वर्तमानपत्राची घडी घातली, ती पुन्हा उलगडली, आणि परत घातली.

"घरात तिला इंदिरा म्हणायचे," मी म्हणालो.

"म्हणायचे ना. पहिले चार दिवस ओ नव्हती देत. सासू हाका मारून दमली. माहेरपणाला आली तेव्हा मला सांगत होती, हसत होती नुसती."

"मग?"

"मग काय? दिली ओ. देतातच. माझंही बदललंच की. मी कृष्णा होते, झाले सुमती. पण वेणू मला कृष्णीच म्हणायची, कुणी नसताना. आणि मी तिला वेणू." त्यांनी माझी हनुवटी सोडली. "जेवलास का?"

मी जेवलो नव्हतो. त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसून जेवलो आणि एवढे प्रश्न विचारले, जेवढे वर्षभरात कुणाला विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी घरून तेजश्रीला फोन केला. ती तिकडेच नोकरीला लागली आहे, जमिनीतल्या उष्णतेवर चालणाऱ्या एका वीजकेंद्रात. मालनबाई एकदा जाऊन आल्या, उघड्यावरच्या गरम पाण्याच्या कुंडात तासभर बसून आल्या, आणि आता दारात गुणपत्रिकेशेजारी त्या कुंडातला फोटो टांगलाय.

"सोल्वेगबाईंचा पत्ता हवा होता," मी म्हणालो. "आहेत ना?"

"आहेत की! निवृत्त झाल्या, उत्तरेकडे भावाजवळ राहतात. सर, त्या अजून विचारतात मला. म्हणतात, त्या पाकिटवाल्या गृहस्थांचं चौथं नाव कळलं का?"

"कळलं," मी म्हणालो. "कालच."

पत्र लिहायला मला एक सकाळ लागली. खर्डा केला नाही. चिकोडीची विहीर लिहिली, पहिली उडी लिहिली, चार दिवस न दिलेली ओ लिहिली. इंग्रजी बरोबर आहे की नाही, ते दोनदा तपासून सोडून दिलं. पाकीट चिकटवलं आणि ते जिथे उघडतं तिथे आडवी सही केली. अर्धी झाकणावर, अर्धी पाकिटावर. शिक्का आता माझ्याकडे नाही.

पोस्टात खिडकीमागे एक तरुण मुलगी होती. तिने पाकीट वजनकाट्यावर ठेवलं.

"आइसलंड? बापरे. पाठवणाऱ्याचं पूर्ण नाव सांगा, काका."

"उपळेकर नरहर गोविंद वेणू."

तिची बोटं थांबली. "वेणू हे आडनाव का?"

"आडनाव पहिलं. शेवटची आई."

"इथे एवढं बसत नाही हो." तिने पडद्याकडे बघितलं, मग पाकिटाकडे. "थांबा, मी पाकिटावर हाताने लिहिते. पण जागा कमी आहे. दाटीवाटीने बसेल."

"बसू दे," मी म्हणालो.

तिने चारही नावं लिहिली, शाईवर फुंकर घातली आणि शिक्का मारला.